चासीचा उजवा दांडा

नाव: वर नोंदल्याप्रमाणे, ऊर्फ 'भिंग'. वय: ६१ वर्षे. धंदा: जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा चालत्या करणे. राहणार: गॅरेजच्या वरचा मजला.

समक्ष हजर राहून सांगतो की, मी छत्तीस वर्षं गॅरेज चालवतो. या प्रकरणात जबाब द्यायला आज तिसऱ्यांदा पोलीस ठाण्यात आलो आहे. आधी दोनदा सांगितलं तेच पुन्हा सांगतो, शेवटचा भाग तेवढा नवा आहे.

जप्त केलेली जीप माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची, म्हणजे दाजींची आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं डावं अंग गेलं. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं आणि या जीपशिवाय ते दुसऱ्या गाडीत बसत नाहीत. ताई म्हणते, यांचं लग्न माझ्याशी नाही, जीपशीच लागलंय. जीप गंजून बंद पडली तसं दाजींचं जाणंही बंद पडलं. म्हणून ताईने ती माझ्याकडे पाठवली.

चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, उजवा दांडा गंजाने इतका खाल्ला गेला होता की पाना टेकवला तर आत जात होता. गाडीचा नंबर त्याच दांड्यावर ठोकलेला असतो. नंबरावर ग्रीसचा जाड थर असल्याने तेवढी वीतभर जागा शाबूत होती. नंबराला मी कधीच ग्राइंडर लावत नाही. रॉकेल आणि पितळी ब्रशने साफ करतो, भिंगातून एकेक आकडा पाहतो आणि पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतो. लोक मला भिंग म्हणतात ते यावरूनच. या जीपचंही तसंच केलं. छापाचा कागद जोडला आहे.

भंगारवाल्याकडून त्याच बनावटीचा चांगला दांडा आणला. त्याची पावती आहे. जुन्या दांड्याचा नंबर असलेला तुकडा कापून नव्या दांड्यात बसवला, वेल्डिंग केलं आणि सांधा दिसू नये म्हणून दोन दिवस घासला. त्यात मला अभिमान होता, हे कबूल करतो.

नऊ तारखेला ताई आणि मी जीप घेऊन परिवहन कार्यालयात तपासणीला गेलो. साहेबांनी रंग खरवडला आणि सांधा उघडा पडला. चोरीची गाडी दडवायलाही नंबर असाच कापून बसवतात, असं म्हणून त्यांनी जीप जप्त करून पोलिसांकडे दिली. मी म्हणालो, चोर नंबर पुसतो, मी वाचवला. त्यावर साहेब म्हणाले, "वाचवायचा नव्हता. कापायच्या आधी आम्हाला दाखवायचा होता." हे बरोबर आहे. नियम मला माहीत होता. अर्ज केला तर दोन-तीन महिने जातात आणि दाजींची बोटं आखडत चालली होती, म्हणून घाई केली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं ताई सगळ्यांना सांगत फिरते. ती म्हणते तितका संन्यासी मी नाही.

आता नवा भाग. भंगारातून आणलेल्या दांड्यावरही एक नंबर होता. दाजींचा तुकडा बसवायला तेवढी जागा कापावी लागली. कापलेला तुकडा फेकवला नाही. तीही कुणाची तरी गाडी होती. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला. याबद्दल मला आजवर कुणी विचारलं नाही. आज सकाळी निघताना ताई म्हणाली, "जेवढं विचारतील तेवढंच बोल. आज जीप सुटेल असं हवालदार म्हणालेत." मी हो म्हणालो.

दुपारी पावणेबाराला तुकडा आपणहून हवालदारांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी नंबर यादीत पाहिला. अकरा वर्षांपूर्वी चोरीला गेलेल्या जीपचा निघाला. तिचा मालक अजूनही वर्षातून एक-दोनदा फोन करून चौकशी करतो, असं हवालदार म्हणाले. दांडा चोरीचा आहे हे मला माहीत नव्हतं. भंगारवाल्याचा पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे.

आता जीप पुरावा म्हणून ठेवावी लागेल आणि कधी सुटेल ते सांगता येणार नाही, हे मला समजावून सांगण्यात आलं. ताई बाहेर बाकावर बसली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. दाजींना काय सांगायचं ते मला सुचत नाही.

माझी एकच विनंती नोंदवावी. त्या मालकाला फोन कराल तेव्हा गाडी सापडली, असं सांगू नये. एक दांडा सापडला आहे, तेवढंच सांगावं.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. मी न मागता त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचला आणि डब्यातल्या तुकड्याचा भाग खोडायचा का, असं विचारलं. मी नको म्हणालो. खाली सही केली आहे.