बाजूची सायकल

नाही म्हणजे नाही हो — चेन बसवून देतो, हवा भरून देतो, पण रविवारच्या शर्यतीत तुम्ही पळताना बाजूने सायकल चालवायची, ते जमणार नाही. दुसरा कोणी बघा. कोणी पाठवलं तुम्हाला? पळणाऱ्यांपैकीच असणार कोणीतरी, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हालाही साखरेचा आजार लहानपणापासूनच ना? इन्सुलिनवाले, गोळ्यांवाले नाही — दंडावरचं साखर मोजायचं यंत्र दिसलं मला, आत आलात तेव्हाच दिसलं. दादाचंही तिथेच असायचं.

अवघड काही नसतं त्यात. सकाळी इन्सुलिन डॉक्टर सांगतील तेवढं कमी, खिशात ग्लुकोज, आणि बाजूच्याने सारखं बोलत राहायचं. दादा एरवी मला गाढवा म्हणायचा, चढावर तर आणखी काय काय. पण साखर उतरली की एकदम सभ्य — ‘अहो, जरा पुढे चला’ — मला, सख्ख्या धाकट्या भावाला! अहो-जाहो आलं की थांबवायचं आणि ग्लुकोज तोंडात कोंबायचं. यंत्र नंतर ओरडायचं, मी आधी.

आणि लोक काय म्हणाले? म्हणे, असा आजार असताना पळायची हौस कशाला, पळून पळूनच गेला. पळून? कामावर निघाला होता हो, चौकात नुसता उभा होता — टँकरचा ब्रेक लागला नाही. माझ्या फोनवर त्याच्या साखरेचा आकडा येत होता, एकशे दहा, बाण सरळ, सोन्यासारखा आकडा. बघितला आणि निवांत पंक्चर काढत बसलो. तो तिकडे रस्त्यावर पडलेला, आणि आकडा झकास!

आई म्हणते, सायकल विकून टाक. विकतो म्हटलं. पण सकाळी जातोच आहे अजून, त्याच रस्त्याने — इतका हळू की मागचे हॉर्न मारतात. जोरात चालवायला पाय ऐकतच नाहीत. एका अंगाला जागा सोडून चालवतो. वेड लागलंय म्हणा.

असं बघू नका माझ्याकडे. घरी कोणी नाही का तुमच्या? बायको घाबरते — घाबरणारच. पण एकटे पळू नका, काय? मी — नाही हो, थकलोय मी. पुन्हा कोणाच्या तोंडाकडे बघत मैलोन्‌मैल जायचं, ती ताकद नाही राहिली. चढाला किती वेगाने जाता तुम्ही? — नको, नको, सांगू नका. झाली तुमची सायकल. घ्या, आणि जा.