किंचाळणारा बेल्ट

व्हॅन शेवटी भंगारात गेली. पण ते अजून झालंच नाही असं धरून चालू. कारण पंक्चरसाठी गॅरेजच्या बाकावर ताटकळलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर व्हॅनच्या मालकाचं आणि मेकॅनिकचं बोलणं पडलं, तेव्हा ती समोरच उभी होती, तेल गाळत.

“उस्ताद, सरकतं दार पुन्हा अडकलंय. आईला डिकीतून चढवतोय.”

“साहेब, ही गाडी नाही, माझा घरजावई आहे. आली की हलत नाही.”

“दार, ब्रेक, गळती, सगळं करा. फक्त इंजिनच्या बेल्टला हात लावू नका.”

“अहो, तोच तर किंचाळतो! मागे नवा टाकला, तर तुम्ही जुनाच परत बसवून घेतलात.”

“नवा घालून घरी गेलो, तर आईने दारच उघडलं नाही. म्हणाली, तुम्ही कोण? माझा बाळ्या किंचाळत येतो.”

“म्हणजे तुमचा चेहरा...”

“चेहरा केव्हाच विसरली. हा आवाज तेवढा राहिलाय.”

“पण साहेब, तो बेल्ट आज-उद्या तुटणार.”

पंक्चर निघालं होतं, तरी शिंपीणबाई उठल्या नाहीत.

“मग माझी एवढी नम्र विनंती आहे, उस्ताद. सदर वाहनाचा सदर बिघाड मातोश्री हयात असेपर्यंत जसाच्या तसा चालू ठेवण्यात यावा.”