सावळारामचं म्युझियम

— नाय, ओळख सांगायची गरज नाय, गीताबाई. बांधावरून येताना बघितलं तेव्हाच ओळखलं. आठ वर्षं झाली, पण चाल तीच. बसा, खाटेवर बसा. सून शेतावर गेलीय, घरात मी एकटीच. आमचे हे गेले त्याला महिना झाला — नाव घेते आता, सावळाराम, कोण रागावणार — आणि तुमाला काल कळलं म्हणता. म्युझियममधल्या कोणी सांगितलं असेल. आमच्याकडून कोण सांगणार?

एकदाच गेलेली मी मुंबईला, दोन दिवसांसाठी. शहाण्णव साल, भाताची झोडणी आटपलेली. पंधरा वर्षं नवरा म्युझियमात पहारेकरी आणि बायकोनं ते आतून पाहिलेलं नाय — जावा हसायच्या, म्हणून नेलं. गेले तर काय, दगडाच्या मूर्ती, जुनी नाणी, काचेआड भुसा भरलेला वाघ. आणि हे बोलतायत. ही मूर्ती कुठली, हिचा हात कसा तुटला, ही तलवार कोणाची — थांबतच नायत. मी मूर्ती कुठे बघतेय, मी यांच्याकडे बघतेय. घरी महिन्यातून एकदा यायचे, तर बोलायचे काय? कौलं चाळली का, बैलाचा पाय कसाय. संपलं. हा माणूस एवढं बोलतो हे मला लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर कळलं.

मग दुपारी बाग. तिथे तुमी डबा घेऊन आलात. हे म्हणाले, सोबतच्या पहारेकऱ्याची बहीण. तुमी मला वहिनी म्हणालात, आधी मला वाढलंत. मेथीची भाजी चांगली होती, खोटं कशाला बोलू. जेवताना यांनी नुसता हात पुढे केला — तुमच्याकडे बघितलंपण नाय, मागितलंपण नाय — आणि तुमी त्या हातावर मिरची ठेवलीत. बस, कळलं मला. काय वाटलं? काय नाय वाटलं. समोर पोरं घसरगुंडीवर चढत होती, पडत होती, ती बघत बसले. दुसऱ्या दिवशी काचेच्या पेट्यांतले मासे दाखवणार होते. मी म्हटलं, पोटात दुखतंय, घरी सोडा. सोडलं. गावात बाया जमल्या, काय बघितलंस गो? वाघ, म्हटलं. कोणी विचारलं की अजून तेच सांगते.

औंदा काविळीनं घरी आले. बरा होऊन येतो, असंच सांगून निघाले असतील तुमाला. याच खाटेवर होते, तुमी बसलाय तिथे. एका सकाळी म्हणाले, "सरस्वती, गीताला निरोप दे." लपवलं नाय हो, नाव घेऊन म्हणाले. चिठ्ठीवर फोनचा नंबर लिहून दिला. मी दळण घेऊन गेले, आले, आणि म्हटलं, "दिला. येतेय ती."

पुढचे चार दिवस तोंड दाराकडे. नाक्यावर एसटी थांबली की मान उचलायचे. मी पेज भरवायची आणि सांगायची, आज येईल. पाचव्या दिवशी विचारायचे थांबले. सहाव्या दिवशी गेले.

नव्हता दिला निरोप. — हे तुमाला सांगायचं नव्हतं मला. चहा करून, दोन गोष्टी बोलून वाटेला लावणार होते. गिरणीच्या बाजूलाच फोनचा बूथ, चिठ्ठी पदराला बांधलेली, बूथवाला ओळखीचा. उभीपण राहिले दारात. आणि पुढे गेले. रागानं केलं म्हणाल तर तेपण नाय. राग आला असता तर बरं झालं असतं.

रडा, रडा. मला अजून जमलेलं नाय. दहाव्याला बाया चिमटे काढत होत्या, रड गो, रड गो. — गीताबाई, एक विचारू? तुमच्यापाशी रोज काय बोलायचे ते? म्हंजे संध्याकाळी खोलीवर आले की, जेवून झालं की...

नको. नका सांगू.

उठा आता. सून यायची वेळ झाली.