आईच्या सहीचा करार

हॅलो?… हो, मीच. बोल… नाही, भाजी चिरत होते… हो, आले वकिलांकडे जाऊन… अगं ऐक ना. सांगते. आधी रडायची थांब, मला नीट ऐकू येत नाही.

कॉन्ट्रॅक्टर सोमवारी येणार… सांगितलं गं त्याला! म्हणाला, ताई, दुसरं काम सोडून माणसं इकडे लावलीत, आता आईंनी सही केलेला करार मोडायचा तर कागदाला कागद द्या… हो, विटा उतरवल्यात दारात. आत यायला तिरकं व्हावं लागतं.

स्वयंपाकघराची भिंत पाडून मागे खोली बांधायची… तुझ्यासाठी. हो, तुझ्यासाठीच. आई म्हणते, छोटीची, म्हणजे तुझी, शाळेची परीक्षा जवळ आली, तिला अभ्यासाला जागा नाही… मला काय सांगतेस? तुझी मुलगी कॉलेजात आहे हे मला माहीत आहे. आईला नाही.

बांधू दे?… अगं, त्याच भिंतीला हात लावत लावत ती संडासापर्यंत जाते. भिंत गेली की गेलं सगळं.

नाही, लबाड नाही तो. तेच तर. दोन तास बसून समजावलं बिचाऱ्याने. आईने चहा दिला, खिडकी कुठे हवी ते सांगितलं, मुदत लिहून घेतली. साक्षीदार हवा म्हणून शेजारच्या शिंपीकाकांना हाक मारली… मग! तीस वर्षं नोंदणी कार्यालयात लोकांचे कागद तपासलेत, विसरेल होय? वकील म्हणाले, इतका चोख करार बघायला मिळत नाही. काम, मुदत, मोबदला, दोघांची राजीखुशी… सगळं आहे.

एकच… तेच सांगतेय. सही करणारा माणूस भानावर हवा. आई नव्हती असं दाखवलं, तर करार रद्द… डॉक्टरांचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र. माझं. 'माझ्या आईला आपण काय करतो ते कळत नाही'… हो, असंच लिहिलंय. टाइप करून दिलंय, फक्त सही करायची.

पुरावा? सहीच आहे ना. पानापानावर केलीय, खाली तारीख, आणि नाव माहेरचं… हो. लग्नाआधीचं. कॉन्ट्रॅक्टरला काय कळणार?

मला काय वाटतं?… काही वाटत नाही गं. खरंच. हातपाय चालतायत. भाजी चिरली. तीही कुणासाठी एवढी चिरली कोण जाणे.

थांब हं… आई, अगं तो कागद… असू दे, वाच… नाही, तुला नाही, आईला. प्रतिज्ञापत्राचा कागद टेबलावर होता, तिने चष्मा लावून वाचायला घेतला… काढून कसा घेऊ? वाचतेय ती. ओळीवर बोट ठेवून.

हं?… काय आई?… विचारतेय, ही बाई कोण… तिचंच सासरचं नाव आहे ना कागदावर… 'बिचारी' म्हणाली.

काय?… विचारतेय, हिचं कुणी आहे का.

आहेत, आई. दोन मुली आहेत.

… छोटे? आहेस ना?… मला म्हणाली, 'मग त्या मुलींना सांगा, नीट वाचून सही करा. तारीख घाला.' 'सांगा' म्हणाली गं मला. अहोजाहो.

हो आई, घालते तारीख… पेन पुढे केलंय तिने. टोपण काढून.

ठेवते मी. हात मोकळा हवा.