रामकिसनला आलेला गुण

शहागंजातल्या बायांच्या दवाखान्यात करुणा नंबर लावून बसली होती. शेजारच्या दोघींनी तिच्याच दुखण्याचा विषय काढला, तसा तिनं मोबाईल खाली ठेवला.

"गीताबाई, पाळी जाताना अंगाची आग होती ना, त्यावर मोबाईलमधी एक चूर्ण दाखवतात. बीपीची गोळी सोडून तेच घ्या म्हणतात. घेऊ का?"

"मी मागवलं होतं. पण आधी आमच्या ह्यांना चारलं."

"गड्यामाणसाला?"

"व्हय, सांगून चारलं. महिन्यात म्हणले, लई गुण आला. आग थांबली, चिडचिड गेली."

"त्यांना कुठं आग होती?"

"तेच तर! ज्याला दुखणंच नाय त्याला गुण आला, मग मला आला तरी तो खरा कशावरून? म्हणून आले इथं."

"पण त्या जाहिरातीखाली बायांनी लिहिलंय की! सिल्लोडच्या एकीनं तर हात जोडलेत."

"ती बाई नव्हं, आमचे रामकिसनरावच. माझ्या मोबाईलवरून लिहिलं."

"अगं माय! त्याच बाईच्या भरवशावर मी गोळी सोडणार होते!"

करुणानं पर्समधून हळूच चूर्णाचा एक पुडा काढला.

"ताई, हे दुसरं हाय. दाजींना देऊन बघता?"

"थांब जरा बाई. सध्या ते सुनेचा बाळंतकाढा घ्यायलेत."