टायटॅनिकची थोरली बहीण

(काष्टी. नव्या बंगल्याची गच्ची. उद्या वास्तुशांत. पाण्याची टाकी जहाजाच्या आकाराची बांधलीय आणि गवंडी कारभारी तिच्यावर शेवटचा हात फिरवतोय. जवळ घरमालक आबासाहेब आणि त्यांची धाकटी मुलगी अश्विनी.)

आबासाहेब : मग सांगायचं ना त्या किराणावाल्याला, ही टायटॅनिक न्हाई म्हनून!

अश्विनी : कुणाकुणाला सांगू आबा? तो दुकानातल्या पोराला ओरडून सांगतो, "टायटॅनिकवाल्यांची साखर बांध." काल बाजारात एक बाई मला म्हणाली, "बुडणाऱ्या बंगल्यातली पोरगी का गं तू?"

आबासाहेब : अडानी हायेत सगळे. ही ऑलिंपिक हाय. टायटॅनिकची थोरली बहीण. एकाच गोदीत, शेजारी शेजारी बांधल्या दोघी.

कारभारी : मालक, तुमी फोटू दिला तवा मीबी टायटॅनिकच समजून काम धरलं बरं का.

आबासाहेब : तू तर बोलूच नको. चार धुराडी उभी कर म्हनलं, तर तिसरं तिरकं केलंस.

कारभारी : जहाज पळतंय मालक. वाऱ्यानं मागं झुकनारच की त्ये.

अश्विनी : आणि पोटात पाणी शिरलं की घरची माणसं खूश होतात, असं जगातलं हे एकच जहाज.

आबासाहेब : हसा, हसा. सगळी हयात साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली माझी. एक बॉयलर सांभाळताना नाकी नऊ यायचे. तिच्या पोटात एकोनतीस हुते, एकोनतीस! मला तिचं कौतिक वाटंल न्हाईतर काय तुमच्या त्या मोबाईलवरच्या नाचनाऱ्या पोरांचं?

अश्विनी : वाटू द्या, वाटू द्या. आबा, खाली मोटार चालूच राहिली वाटतं. जरा बघता?

आबासाहेब : आलो. कारभारी, धुराड्याला हात लावायचा न्हाई.

कारभारी : गेले. पोरी, सांगितलंस का न्हाई आजून?

अश्विनी : कुठलं! तोंड उघडलं की ऑलिंपिक सुरू होते. तिकडं तायडी नगरहून एसटीत बसलीसुद्धा. लेकीला घेऊन.

कारभारी : आगं माझे आई! आन उंबऱ्यात आल्यावर मालक 'चालती हो' म्हनले तर?

अश्विनी : त्याचीच भीती वाटतेय काका. तिनं मला एवढंच विचारलं, "आबांनी बोलावलंय ना?" मी हो म्हणून बसले. नाहीतर ती आलीच नसती.

कारभारी : भिंगारच्या त्या सायमनसंगं लगीन केलं, तवापासनं बोलनं बंद हाय ना?

अश्विनी : चार वर्षं झाली. घरात तिचं नाव काढायची सोय नाही. आईनं सकाळीच पुरण शिजत टाकलंय तिच्यासाठी. मला म्हणते, तूच बोल बाई, मला बोलायच्या आधी रडू येतं.

कारभारी : आले, आले. मी आपला धुराड्याकडं तोंड करतो.

आबासाहेब : मोटार तर बंदच हाय.

अश्विनी : हो का? मला आवाज आल्यासारखा झाला. बरं आबा, तुमची ऑलिंपिक एवढी भारी होती, तर तिचं नाव कुणाला ठाऊक का नाही?

आबासाहेब : बुडली न्हाई म्हनून! चोवीस वर्सं इंग्लंड ते न्यूयॉर्क खेपा केल्या तिनं. पहिल्या महायुद्धात शिपाई वाहिले. जर्मनांची पानबुडी आडवी आली तर हिनं सरळ अंगावर घातली, बुडवलीच तिला! खलाशी तिला 'भरवशाची म्हातारी' म्हनायचे. मग वय झालं, भंगारात निघाली. तिच्या कोरीव लाकडाच्या भिंती लिलावात गेल्या, एका हॉटेलात आजबी हायेत. एवढं सगळं केलं, आन नाव झालं बुडालेलीचं.

अश्विनी : माझ्यासारखंच की. गोठा मी बघायचा, तुमच्या गोळ्या मी आणायच्या, या कारभारी काकांच्या मागं सिमेंट मी मोजायचं. आणि गावात जो भेटेल तो विचारतो, "थोरलीचं काय चाललंय गं?"

आबासाहेब : हे बघ, त्यो विषय काढायचा न्हाई.

अश्विनी : मी जहाजाचाच विषय काढतेय. टायटॅनिक बुडाली त्या रात्री ही बहीण कुठं होती?

आबासाहेब : लई लांब. पाचशे मैलांवर. वायरलेसवर निरोप आला, टायटॅनिक संकटात हाय. मग काय! कप्तानानं जहाज वळवलं, सगळे बॉयलर पेटवायला लावले. खाली कोळसा टाकनाऱ्यांची काय दशा झाली आसंल, ते मला इचार. आंग भाजतं, डोळ्यात घाम जातो, तरी फावडं थांबत न्हाई. जेवढी पळता येईल तेवढी पळाली बिचारी.

अश्विनी : पोचली?

आबासाहेब : कशी पोचंल? तोवर सगळं संपलं हुतं. वाचलेली मानसं कार्पाथिया नावाच्या दुसऱ्या जहाजानं उचलली. तरी हिनं इचारलं, मी येऊ का, थोडी मानसं माझ्याकडं घेऊ का?

अश्विनी : मग?

आबासाहेब : मग काय, नको म्हनले. जवळ येऊ नको म्हनले.

कारभारी : आँ? मदतीला आलेलीला?

आबासाहेब : आरं, दोघी दिसायला एकसारख्या. डोळ्यादेखत बुडालेली बोट परत समोर येऊन उभी ऱ्हायली, तर त्या मानसांचं काळीज फाटलं नसतं का? म्हनून तिला लांबनंच वाटंला लावली.

अश्विनी : काय वाटलं असेल तिला?

आबासाहेब : लोखंडाला काय वाटायचंय, येडे!

अश्विनी : लोखंडाला नाही वाटत आबा, पण मला वाटतं. तायडीचं बाळंतपण अडलं, ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा मी बॅग भरून दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, गेलीस तर तूही परत येऊ नको. मी मुकाट्यानं बॅग रिकामी केली. पाचशे मैल नव्हते आबा. एका एसटीचं अंतर होतं, आणि मी गेले नाही.

आबासाहेब : कारभारी, तू खाली जाऊन पानी पिऊन ये.

कारभारी : तहान न्हाई मालक.

अश्विनी : राहू द्या त्यांना. आणि तोंडं तर आमचीही सारखीच आहेत. चार वर्षं झाली, तुम्ही माझ्याकडं नीट बघत नाही. मी वाढायला आले की तुमची मान ताटात. मला वाटायचं, माझं काय चुकलं? मग एक दिवस कळलं, तुम्हाला माझ्यात ती दिसते.

आबासाहेब : हसलीस की जास्त दिसते. हुबेहूब तीच. घास उतरत न्हाई मग.

अश्विनी : मग तिलाच बघा ना आता. आबा, मी तिला बोलावलंय. तुमचं नाव सांगून. एसटीत बसलीय ती.

आबासाहेब : कारभारी, तुला ठाव हुतं?

कारभारी : मालक, पार पिठाच्या गिरनीपातूर समद्यांना ठाव हाय. तुमीच तेवढं ऱ्हायला हुता.

आबासाहेब : आन हिची आई?

अश्विनी : पुरण वाटतेय.

आबासाहेब : म्हंजी सगळी फौज एकीकडं, आन मी गाढव हितं जहाजाच्या गोष्टी सांगतोय.

अश्विनी : रागवायचं तर रागवा, पण लवकर रागवा. मघाशीच कोळगाव सोडल्याचा मेसेज आलाय.

आबासाहेब : त्यो सायमन बी हाय का संगं?

अश्विनी : नाही. तो तिला म्हणाला, आधी तू जा, मला बघून आबांचा पारा चढेल.

आबासाहेब : शहाना दिसतोय. उद्या पूजेला बोलावलं तर येईल का त्यो? त्यांच्यात चालतं का?

अश्विनी : पूजेचं माहीत नाही. जेवायला बोलावलंत तर पळत येईल.

आबासाहेब : आन पोरीचं नाव काय ठेवलंय?

अश्विनी : एंजल. दोन वर्षांची होईल आता. हट्टी आहे म्हणे, अगदी तुमच्यावर गेलीय.

आबासाहेब : चांगलंय. कुनीतरी जावं माझ्यावर. कारभारी, तुझ्या गाडीची चावी आन.

कारभारी : देतो, पन ब्रेक लागत न्हाई तिला.

आबासाहेब : चार पोती सिमेंट वाहतोस तिच्यावरनं, आन ब्रेक न्हाई? ऱ्हाऊ दे, चालत जातो. स्टँड काय लांब न्हाई.

अश्विनी : आबा, अहो निदान तोंड तरी धुवा! मिशीला सिमेंट लागलंय.

आबासाहेब : ते बघून हसंल तरी ती. तू फोन लाव तिला.

अश्विनी : काय सांगू?

आबासाहेब : सांग, आबा स्टँडवर येऊन उभा हाय.

अश्विनी : पण तुम्ही तर अजून जिन्यात आहात.

आबासाहेब : ती येईस्तवर पोचतो की. आन गाडी पुरती थांबल्याबिगर जागेवरनं उठू नको म्हनावं, कडेवर पोर हाय.