साडूचा कान टकाटक

...नाही, तुम्हीच सांगा, सासुरवाडी एक, गॅरेज एक, आजार एक, डॉक्टर एक, गोळ्यासुद्धा त्याच... मग माझाच कान ठप्प का? आणि साडूचा? टकाटक!

तुम्हाला सांगतो, चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ डाव्या कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, हे काम माझं! मालक म्हणायचे, "उस्तादांचा कान म्हणजे कान!" साडू नुसती चाकं काढणार. त्यात घाबरट! मार्चमध्ये सकाळी उठला, एक कान बंद. दुपारी डॉक्टरांच्या दारात हजर! मी पोट धरून हसलो, "अहो, मळ असेल मळ!" पंधरा दिवसांत... टकाटक!

जूनमध्ये माझा नंबर. उठतो तर डावीकडं नुसती शिट्टी, त्यात खोली गरगर फिरतेय. आता हे सांगू कुणाला? साडू विचारणार, "काय साडूभाऊ, मळ का?" त्यापेक्षा बहिरा बरा! बारा दिवस लपवलं हो! स्क्रूड्रायव्हर उजव्या कानाला लावायला लागलो, तो आधीच ठोकाठोकीनं अर्धा गेलेला... चांगला धडधाकट गिअरबॉक्स उघडून बसलो! मालकांनीच धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "वय छप्पन, साखर आहे, चक्कर आली, ऐकू जवळजवळ शून्य. हे सगळं तुमच्या विरुद्ध. लवकर आलात तरी खात्री नसते, पण आशा बरीच असते. आणि तुम्ही आलात बाराव्या दिवशी!" घरी बायको, "भाऊजी बघा कसे त्याच दिवशी गेले!" जळलो हो, सरळ सांगतो, जळून खाक झालो!

गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून सुया झाल्या, ऐकणं परत आलं ते चार आणेच. स्क्रूड्रायव्हर गेला साडूच्या हातात. आता त्याला ऐकू येतं सगळं, कळत काडीचं नाही! काल माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून, "साडूभाऊ, खर्रर्र-टक, खर्रर्र-टक... काय असेल?" म्हटलं, "बेअरिंग." उघडलं, तर बेअरिंगच!

मालक माझ्या डावीकडं उभे. साडूची पाठ थोपटत काय म्हणाले? "साडूंचा कान म्हणजे कान!"

तुम्हाला सांगतो, एक शब्द चुकला नाही... परत आलेले चार आणे बहुतेक एवढ्यासाठीच आले होते.